मुठेच्या बंधाऱ्यावर माशांचा जिना

आम्रपालीने वारज्याच्या पुढे, मुठेवरच्या जुन्या दगडी बंधाऱ्याला माशांसाठी जिना बांधला, तेव्हा सगळ्यांत जास्त चेष्टा केली ती तिच्या वडिलांनीच. सुखदेव टपालखात्यातून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं आणि तिरकस. "सोसायटीची लिफ्ट बंद पडलीय, आणि आमची इंजिनिअर मुलगी माशांची सोय करतेय," असं ते शेजाऱ्यांना ऐकवत. त्यातले 'आमची इंजिनिअर मुलगी' हे शब्द मात्र जरा मोठ्यानेच यायचे.

जिना म्हणजे बंधाऱ्याच्या डाव्या टोकाला दगड रचून केलेली उथळ कुंडांची उतरंड. पावसाळ्यात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर निघतात आणि भिंतीपाशी अडतात. या कुंडांमधून त्यांनी टप्प्याटप्प्याने वर जावं, एवढाच बेत.

धरणातून पाणी सुटलं, मासे आले, आणि जिन्याकडे एकानेही वळून पाहिलं नाही. उजवीकडे भिंतीवरून पाणी धो धो कोसळत होतं, तिथेच सगळे उड्या मारून आपटत होते. त्या दिवशी आम्रपाली न जेवताच झोपायला गेली.

सकाळी ती निघाली, तर सुखदेव छत्री आणि थर्मास घेऊन आधीच गाडीत बसलेले.

"बाबा, तुम्ही कुठे?"

"मासे बघायला. पेन्शनरला दुसरं काम काय!"

दोघं काठावर बसली. पाणी आता बरंच उतरलं होतं. सुखदेवांना नदीतलं काही कळत नव्हतं, म्हणून ते नुसता चहा ओतून देत राहिले. समोर एक मासा उडी मारायचा, दगडावर आपटायचा, पुन्हा उडी मारायचा. शेवटी त्यांना राहवेना.

"अगं, त्याला कोणी सांगा तरी, दार पलीकडे आहे म्हणून!"

आम्रपाली हसली, आणि हसता हसता थांबली. "बाबा, त्यांना पाणीच सांगतं. जोराची धार दिसेल तिकडे ते जातात. आणि माझ्या जिन्यातून नुसतं झिरपतंय."

तिने फोन करून माणसं बोलावली. पाणी बेताने यावं म्हणून जिन्याच्या वरच्या तोंडाशी लावलेल्या फळ्या काढल्या, आणि पाणी जिन्याकडे वळावं म्हणून उजवीकडे भिंतीच्या माथ्यावर वाळूची पोती रचली. "तुम्ही वाकायचं नाही," असं तिने बजावल्यावर सुखदेव भर पावसात तिच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले आणि स्वतः चिंब भिजले.

दुपारी जिना खळाळू लागला. बराच वेळ काहीच घडेना. मग एक खवलेदार पाठ खालच्या कुंडात चमकली. मासा एक कुंड चढला, घसरला, पुन्हा चढला.

"चढ रे बाळा, चढ!" सुखदेव ओरडले. शेपटीचा एक फटकारा, आणि मासा बंधाऱ्यापलीकडच्या संथ पाण्यात गेला. त्याच्यामागून दुसरा आला, मग बोटभर माशांचा एक थवाच.

सुखदेवांनी बायकोला फोन लावला. "शैला, रिक्षा कर आणि ये," एवढं म्हणाले, पुढे आवाज फुटेना. फोन त्यांनी लेकीच्या हातात दिला.

"आई, मासे वर जातायत!"

"आणि हे का बोलत नाहीयेत?"

"रडतायत."

"रडू देत," शैला म्हणाली, "पण ओल्या कपड्यांत नको. टॉवेल घेऊन येते."