चंद्रीच्या नरड्यावरचा पट्टा

"घोडी अडेल आहे, न्या तुमी," बा म्हणाला, आणि माझं डोकंच फिरलं.

आमचा तांगा बोरी अरब गावच्या चढावर अडला होता. चंद्री तोंड उघडं टाकून घरघरत होती. घोडी घेतल्यापासून दोन महिन्यांत बानं तिच्या पाठीवर चाबकाची नक्षी काढली होती. मागच्या सीटवर घोड्यांचा व्यापारी फुलचंद सुपारी कातरत बसला होता. दारव्ह्याला पोचलं की तो चंद्रीला विकत घेऊन नेणार होता. मी शाळेचं दप्तर आपटून खाली उतरले.

शाळेसमोर रोज तांगे उभे असतात. त्या घोड्यांचा पट्टा छातीवर आडवा, खाली बसतो. चंद्रीचा थेट नरड्यावर! मी बोट घालून पाहिलं. शिरेचना.

"बा, हा पट्टा गळा दाबून राह्यला तिचा!"

"तू मले शिकवतं का? सात पिढ्या बैलं हाकली आपण. जोर मानेवरच लागते."

"बैलाचा, बा! घोडी छातीनं ओढते!"

फुलचंद हसला. "पोरगी सातवीत गेली अन् वकील झाली, भावसिंग."

हसताना त्याची नजर पट्ट्यावरच होती. तेव्हा मला कळलं.

"काका, तुमाले दिसत होतं! जलमभर घोडे विकता, अन् तोंड शिवून बसले? काहून? अडेल म्हणून फुकटात लाटाची होती?"

अडकित्ता थांबला.

पट्टा पेलणारी मानेवरची वादी मी तीन भोकं सैल केली. पट्टा घसरून छातीवर आला. नरड्यावरचे केस झडून कातडं लालभडक झालं होतं. मी लगाम धरून पुढे चालू लागले. चंद्रीनं लांब श्वास ओढला आणि फुलचंदसकट अख्खा तांगा वर नेला.

वर पोचल्यावर बा म्हणाला, "फुलचंद, उतरा."

"शब्द देल्ला होता तू."

"उतरा म्हणलं नं!"

मग माझ्याकडे वळून, "झालं समाधान?"

"नाही."

बानं चंद्रीला थोपटायला हात उचलला. तिनं दचकून डोकं मागे घेतलं. बाचा हात तसाच राहिला.

मी माझा हात पुढे केला. "चाबूक."

त्यानं तो दिला. दारव्ह्यापर्यंत मी त्या चाबकावर बसून गेले.