मीठ सून बघते

झुकिनीची रोपं वाफ्यात लावायची ती ऊन उतरल्यावर. भर दुपारी लावली तर तासाभरात मान टाकतात, आणि एकदा मान टाकलेलं रोप पुढे कितीही लाड केले तरी मनापासून वाढत नाही. त्याआधी आठवडाभर मी ती दिवसा पायरीवर आणि अंधार पडला की घरात अशी आत-बाहेर करत होते, वाऱ्याची सवय व्हावी म्हणून. सून हसून म्हणाली होती, "आई, पाळणाघर काढलंय का तुम्ही?"

वाफा स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून कुंपणापर्यंत. विटांची कड ह्यांनी लावलेली, थोडी वाकडी. ह्यांच्या पश्चात मला घरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा उरली होती.

मी खड्ड्यात कुजलेलं खत घालत होते, तेव्हा मुलगा दारात येऊन उभा राहिला.

"आई, ही जागा अशी किती दिवस अडवून ठेवायची? गेल्या वर्षी ह्यातून काय निघालं?"

"निघाल्या की."

"एक निघाली. तीसुद्धा तू बियांसाठी लोडाएवढी होऊ दिलीस." मग जरा नरमून म्हणाला, "हिचं मशीन पलंगाच्या पायथ्याशी आहे. गिऱ्हाईक येऊन आपल्या उशीवर बसतं. इथे एक खोली झाली तर तिला शिवणाला जागा होईल. बाबा बांधून देतो म्हणालेत."

बाबा म्हणजे त्याचे सासरे, आमचे व्याही. गवंडीकाम करणारे, हाताखाली माणसं असलेले.

मी पुढच्या खड्ड्यात खत घातलं. सून माझ्यामागे दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"बरं, असं करू," मुलगा म्हणाला. "यंदा ह्या वाफ्यातली भाजी सगळ्यांनी पोटभर खाल्ली, तर वाफा राहिला. नाहीतर खोली."

"खाल्ली तर राहिला ना?" मी विचारलं.

"राहिला. शब्द देतो."

रोपांमध्ये हातभर अंतर सोडलं. प्रत्येकाच्या बुडाशी तळ कापलेली बाटली उलटी पुरली. पाणी बाटलीत घालायचं म्हणजे थेट मुळाशी जातं. पानं भिजली की त्यांवर पांढरी भुरी चढते. माझा जुना नेम आहे, सकाळी उठल्यापासून झाडांना पाणी घालून होईपर्यंत बोलायचं नाही. मनात देवाचं नाव घ्यायचं आणि झारी रिकामी करायची. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पेपरवाला सुद्धा मला बघून नुसता हात वर करतो.

रोपं जोरात आली. पानं ताटाएवढी झाली, पिवळी फुलं उमलली. मधमाश्या कमी दिसल्या, म्हणून नर फूल तोडून, पाकळ्या काढून मी मादी फुलात हलकेच फिरवायची. मादी फुलामागे बोटाएवढं फळ असतं, ते धरलं की नाही, हे दोन दिवसांत कळायचं. नात येऊन विचारायची, "आजी, फुलाला औषध लावतेस?"

सून येता-जाता बघायची. एकदा म्हणाली, "छान आल्यात हो." तिच्या हातात कुणाच्या तरी पडद्याचं कापड होतं, जमिनीला लागू नये म्हणून खांद्यावर टाकलेलं. तिचं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. खरंच छान आल्या होत्या, आणि खरंच तिला जागा नव्हती.

पहिल्या झुकिन्या तोडल्या त्या दिवशी व्याही जेवायला होते. मुलाने मुद्दाम बोलावलेलं. येताना त्यांनी मोजायची टेप आणि खुंट्या आणल्या होत्या, त्या दाराशी ठेवल्या.

"विहीणबाई, आज आमची परीक्षा म्हणे," ते म्हणाले. "भाजी आवडली तर आमचं काम गेलं."

"मग आवडूच देणार नाही तुम्ही," मी म्हटलं. ते मोठ्यांदा हसले.

मी काचऱ्या करून लसणावर परतल्या. स्वयंपाक मी करते, पण चाखत नाही. देवाचा वाटा बाजूला काढायचा, घरातल्या सगळ्यांचं जेवण झालं की मगच माझ्या तोंडात घास. त्यामुळे मीठ सून बघते. ती या घरात आली तेव्हापासून हे असंच चालू आहे. कधी "चिमूटभर हवं" म्हणते, कधी "आज हात सैल सुटला, आई." तिच्या जिभेवर मी आजवर सगळ्यांना वाढत आले.

देवापुढे वाटी ठेवून मी परत आले. सुनेने कढईतली एक काचरी तोंडात टाकली. जरा थांबली. मग पदर तोंडाला लावून खोकली.

"कशी झालीय?"

"बरोबर आहे मीठ," ती म्हणाली. "वाढा."

मी वाढलं. नातीच्या ताटात वाढायला गेले तर सुनेने ताटावर हात आडवा धरला. "तिला नको, घसा धरलाय तिचा." मी पुढे सरकले.

व्याह्यांनी मोठा घास घेतला. त्यांचा चेहरा एकदम बदलला. रुमाल काढून त्यात घास टाकला आणि पाण्याचा पेला एका दमात संपवला. तोवर मुलगा उठून मोरीकडे धावला होता.

"आई, काय घातलंस ह्यात?" तो तिथून ओरडला. "नुसतं कडूजहर आहे."

"विहीणबाई," व्याही डोळे पुसत म्हणाले, "खोली नको होती तर नुसतं सांगायचं. जीव कशाला घेता आमचा?"

कुणी हसलं नाही. मी सुनेच्या ताटाकडे पाहिलं. तिने भाजी घेतलीच नव्हती. ती नातीला भात भरवत होती, घास लहान लहान करून, मान खाली घालून. नात एकदाही खोकली नव्हती.

बियांच्या दुकानदाराने मला सांगितलं होतं. "झुकिनीचं घरचं बी धरू नका, मावशी. जवळ कुणाचे शोभेचे भोपळे असले तर बिघडतं. दिसायला झुकिनीच येते, पण खाऊ नये अशी." मला वाटलं, पाकीट खपवायला बघतोय. शेजारच्या टपालवाल्यांच्या कुंपणावर गेल्या वर्षी रंगीत भोपळे लोंबत होते आणि मी त्यांचं कौतुक करत होते. तेव्हा चूक माझीच. बी माझं, हात माझा. पण मीठ बघणारीला ते कळलं होतं, आणि तिने आपली लेक तेवढी वाचवली.

देवापुढची वाटी मी उचलली. एक काचरी तोंडात घातली. कानशिलापर्यंत कडू चढलं. असलं मी देवापुढे ठेवलं होतं. उरलेलं वाफ्यात नेऊन पुरलं. व्याही खुंट्या ठोकत होते. मला बघून त्यांनी हातोडी जरा हळू मारली. शब्द दिला होता तो दोन्ही बाजूंनी दिला होता, त्यावर मला बोलण्यासारखं काही नव्हतं.

सकाळी मी झारी घेऊन बाहेर आले. खुंट्यांना बांधलेली दोरी पानांवरून गेली होती. रोपांना हे ठाऊक नव्हतं, ती तहानलेलीच होती. मी एकेक बाटली भरत गेले.

मागचं दार वाजलं. सून पायरीवर येऊन उभी राहिली.

"आई."

मी पुढच्या बाटलीकडे वळले.

"मला आधी वाटलं, माझ्याच तोंडाची चव गेलीय." तिने मान हलवली. "नाही. कळलं होतं मला. सांगणार होते, तोंडापर्यंत आलं होतं. पण बाबा टेप घेऊन बसले होते समोर, आणि तुम्ही..." तिने पानांवरून गेलेल्या दोरीकडे पाहिलं. "दोन वर्षं मी पलंगावरच्या उशा सारून शिवतेय, आई. काहीतरी बोला ना. शिव्या द्या हवं तर."

शेवटची बाटली भरली. पाणी कडेवरून सांडलं, वाकड्या विटांच्या फटीतून तिच्या पायाशी गेलं. तिने पाय मागे घेतला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पाणी घालून होईपर्यंत मी बोलत नाही, हे तिला माहीत होतं, आणि पाणी घालून झालं होतं, हेही तिला दिसत होतं.

मी नळाशी गेले आणि झारी पुन्हा भरायला लावली.