विरुद्ध बाजूचा पुरावा

मंगळवारी चार वाजता आईच्या खुर्चीत बसायचं, या धास्तीने लेक सकाळपासून घड्याळाकडे बघत होती. आईला जाऊन आठ दिवस झाले होते.

आई समुपदेशक. ज्यांच्यावर घर आणि शाळा दोन्हींनी पाणी सोडलेलं असे, अशा मुलींशी ती आतल्या खोलीतून, कॉम्प्युटरवर बोलायची. रीत ऐकायला सोपी: मनात आलेला विचार खरा धरून चालायचं नाही, त्याची उलटतपासणी घ्यायची. त्यासाठी एक तक्ता असे. काय घडलं, मनात काय आलं, त्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. आठवडाभर तो भरायचा आणि भेटीआधी पाठवायचा. मुली तिला मावशी म्हणत आणि स्वतःला हवं ते नाव घेत. त्यातली एक मुंगी, सोळा वर्षांची. “कुणाच्या नजरेत भरत नाही, पण चावते,” असा तिचा खुलासा. दोनदा घर सोडून गेलेली, एकदा मरता मरता वाचलेली.

आई गेली सोमवारी. मंगळवारी तिचा कामाचा फोन लेकीच्या हातात होता. चार वाजून पाच मिनिटांनी त्यावर मुंगीचा निरोप आला: ‘मावशी, आज येणार नाही का? मी काही केलं का?’ लेकीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पोर घाबरेल, एवढंच तिला सुचलं. तिने आईच्या नावाने लिहून टाकलं: ‘थोडं बरं नाही. पुढच्या मंगळवारी नक्की भेटू.’

आई ज्या केंद्रासाठी हे काम करायची, ते चालवणाऱ्या काकू म्हणजे आईची वीस वर्षांची मैत्रीण. त्यांनी बाकीच्या चौघींना फोन करून खरं ते सांगितलं. मुंगीला फोन लावला, तर तीच म्हणाली, “माहितीये मला, काकू. मावशींचा निरोप आलाय. मंगळवारी भेटणारेत.” काकूंनी खरं सांगणं मंगळवारवर टाकलं, आणि आज दुपारीच लेकीकडे आल्या.

“एवढी पुस्तकं वाचतेस,” त्या लेकीला म्हणाल्या, “आणि गेलेल्या माणसाच्या नावाने निरोप धाडतेस?”

“त्या पोरीला नाही म्हणवेना, काकू.”

“आम्हालाही म्हणवत नाही गं. तरी म्हणतो. आता तूच सांग तिला. मी बाहेर बसते, हाक मारलीस की येते. तिच्या आत्याला तिकडे तिच्या घरी, शेजारच्या खोलीत बसवलंय. पण ऐकून पोर उठून गेली ना, तर आपल्याकडे पुन्हा यायची नाही.”

पावणेचारला तक्ता आला. घडलं ते: मावशी आल्या नाहीत. मनात आलं: मला कंटाळल्या. बाजूचा पुरावा: सगळेच कंटाळतात. विरुद्ध पुरावा एकच होता: ‘नक्की भेटू’ असं मावशींनी स्वतः लिहिलंय, आणि मावशी खोटं बोलत नाहीत.

चार वाजता पडद्यावर बारीक चणीची मुलगी दिसली. केस ओले होते, नुकतेच विंचरलेले.

“तुम्ही कोण?”

“मी त्यांची मुलगी.”

“फोन न उचलणारी?” मुंगीला हसू आलं. “मावशी म्हणायच्या, तू बरी, वेळेवर येतेस. माझी लेक फोन उचलेल तर शपथ.”

“तीच मी,” लेक म्हणाली. मग एका दमात सांगून टाकलं. “आई गेली. गेल्या सोमवारी. हृदय बंद पडलं.”

मुंगीच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, उतरायचं विसरल्यासारखं.

“निरोप मंगळवारचा आहे,” ती म्हणाली.

“तो मी लिहिला होता. चुकलं माझं.”

“म्हणजे पुरावा बाद.”

“तो बाद. दुसरा आहे, खरा.” लेकीने स्वतःचा फोन काढला. त्यात सोमवारी दुपारी आईने बोलून ठेवलेला निरोप होता. आठ दिवसांत तिने तो एकदाच ऐकला होता. तिने फोन पडद्याजवळ धरला.

“अगं, उद्या चारला नको करूस हं फोन,” आईचा आवाज आला, जरासा धापा टाकणारा. “चारला माझी मुंगी असते. आत्ता कर, वेळ असेल तर.”

मुंगीने कॅमेरा बंद केला. पडदा काळा झाला. पण कॉल सुरू होता, तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

“मग केलात का तुम्ही?” काळ्या चौकटीतून प्रश्न आला.

“नाही.”

मुंगी तिची समजूत घालत बसली नाही. बरं झालं, लेकीला वाटलं. घातली असती तर ती खुर्चीतून उठलीच असती.

“परत लावा,” मुंगी म्हणाली. लेकीने लावला. “अजून एकदा. तक्त्यात घालते.” तिसऱ्यांदा लावला. “‘आत्ता कर’ पण लिहू?”

“ते नको,” लेक म्हणाली. “ते माझं आहे.”

तिने काकूंना हाक मारली आणि खुर्ची रिकामी केली. काकू बसल्या, चष्मा सारखा केला. “बाळा, आहेस ना गं?”

“थांबा,” काळ्या चौकटीतून आवाज आला. “लिहितेय.”