फरशीतली मुलगी

इटलीत जाऊन चर्च बघायची, ही कल्पना सिद्धार्थची. मला आणि पर्णिकाला समुद्र चालला असता, पण समुद्र अबुधाबीत दारातच आहे, त्यासाठी विमानाची तिकिटं कशाला, असं त्याचं म्हणणं. सिद्धार्थ तिथल्याच मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका इंटिरियर कंपनीत डिझाइन बघतो. हॉटेलांच्या लॉबी, व्हिलांचे जिने, संगमरवरी खांब. दुबईतल्या एका नव्या रेस्टॉरंटचं काम त्याच्याकडे नुकतंच आलं होतं आणि मालकाला जुन्या इटालियन चर्चसारखी फरशी हवी होती. म्हणजे सुट्टी नावाला आमची आणि काम त्याचं, हे मला विमानात बसल्यावर कळलं.

तरी खोटं कशाला बोलू, बघताना मी हरखून गेले होते. सिएनाच्या कॅथीड्रलमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब आणि वर निळ्या छतावर सोनेरी चांदण्या. ऑर्व्हिएतोची दर्शनी भिंत तर संध्याकाळच्या उन्हात अशी पेटते की वर बघवत नाही. आत पाऊल टाकलं की जुलैचा उन्हाळा दाराबाहेर राहायचा. मी दर ठिकाणी पर्णिकाच्या खांद्यांवर माझी ओढणी टाकायचे, तिला मेणबत्त्यांपासून लांब ठेवायचे, गर्दीत तिचा हात घट्ट धरायचे. "अगं, श्वास घेऊ दे तिला," सिद्धार्थ म्हणायचा. पर्णिका पाच वर्षांची आहे. तिच्या बाबतीत मी जरा अतीच करते, हे मला मान्य आहे.

मला त्रास व्हायचा तो जमिनीचा. त्या चर्चांच्या फरशीखाली माणसं पुरलेली असतात. वर दगडात त्यांची आडवी शिल्पं कोरलेली, हात जोडलेली, डोळे मिटलेली, आणि लोक आइस्क्रीम संपवून येतात ते सरळ त्यांच्या तोंडावरून चालत जातात. मी भिंतीच्या कडेकडेने जायचे. चुकून पाय लागलाच तर वाकून हात लावून नमस्कार करायचे.

"लोकांनी तुडवावं म्हणूनच इथे जागा मागून घ्यायचे ते," सिद्धार्थ म्हणाला. "आपल्याकडे नाही का, देवळाच्या पायरीखाली समाधी असते?"

"पायरीवर तोंड कोरलेलं नसतं," मी म्हणाले.

डोंगरावरच्या एका लहान गावात होतं ते चर्च. नाव मुद्दाम लिहीत नाही. भर दुपार होती, आत आम्ही तिघं आणि बाकं पुसणारी एक म्हातारी. वेदीच्या पायऱ्यांजवळ एक छोटी फरशी होती, साधारण पर्णिकाएवढी. तिच्यावर एक मुलगी उताणी, हात छातीवर जोडलेले. झग्याच्या चुण्या अजून दिसत होत्या. चेहरा मात्र लोकांच्या पायांनी नेला होता. नाक नाही, ओठ नाहीत. वापरून वापरून उरलेल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत काहीतरी.

"हीच हवी होती मला," म्हणत सिद्धार्थने फोन काढला. फोन एखाद्या वस्तूभोवती हळूहळू फिरवला की तिचे सगळे उंचसखल भाग त्यात साठतात आणि तीच फाइल पुढे दगड कोरणाऱ्या मशीनला देता येते. त्याने स्कॅन सुरू केला, आणि माझ्या हातातून हात सोडवून पर्णिका त्या फरशीवर जाऊन झोपली. तशीच उताणी, हात जोडून. डोकं बरोबर डोक्यावर, टाचा टाचांवर.

"पर्णी, ऊठ आधी."

"राहू दे गं, गोड दिसतेय," सिद्धार्थ तिच्याभोवती फिरतच म्हणाला. "पर्णी, हलायचं नाही हं. डोन्ट मूव्ह."

ती हलली नाही. इतकी हलली नाही की मला तिचं पोट वरखाली होताना दिसेना. तेवढ्यात ती म्हातारी आली, काही न बोलता वाकली आणि रोप उपटावं तसं तिने पर्णिकाला दंडाला धरून उठवलं. दंडावर बोटं उमटली. मी भांडायला तोंड उघडलं होतं, पण म्हातारीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणाच्या घरी समाचाराला गेल्यावर आपण घरच्या बाईकडे बघतो, तशी ती माझ्याकडे बघत होती.

"स्कॅन अर्धवट राहिला यार," सिद्धार्थ पुटपुटला.

आम्ही परत आलो, शाळा सुरू झाली. पर्णिका आधी पलंगभर फिरत झोपायची, डोकं पायथ्याला आणि पाय माझ्या पोटात. आता शाळेतून आली की दुपारी उताणी झोपायची, हात छातीवर जोडून, आणि उठेपर्यंत चादरीला सुरकुती नसायची. मी दर रविवारी आंघोळीनंतर तिची नखं काढते. एका रविवारी नेलकटर घेऊन बसले तर काढायला काही नव्हतं. पुढच्या रविवारीही नव्हतं. मी तिला विचारलं, तू नखं खातेस का? तिने मानेनेच नाही म्हटलं. मुलांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी वजन केलं, उंची बघितली, म्हणाल्या, "मागच्या वेळेएवढंच आहे सगळं. मुलं टप्प्याटप्प्याने वाढतात. मम्मा, रिलॅक्स."

एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले. "पर्णी, अशी का झोपतेस गं हल्ली?"

"बाबा सेड डोन्ट मूव्ह."

"ते तेव्हा, बाळा. झालं ते. आता हल की."

तिने डोळे उघडले नाहीत. आपण लहान मुलांना समजावतो त्या सुरात म्हणाली, "इट्स नॉट डन, आई. दे आर स्टिल मेकिंग मी."

हे मी सिद्धार्थला सांगितलं. तो म्हणाला, "दिवसभर कार्टून बघते, त्यातलं बोलते. तू ओव्हरथिंक करतेस, रुचा." मग जरा हसून म्हणाला, "शनिवारी वर्कशॉपला चला दोघी. सरप्राइज आहे."

मुसफ्फात शनिवारीही काम चालू असतं. त्यांच्या वर्कशॉपमध्ये दगड पाण्याखाली कापतात, त्यामुळे जमिनीवर तांदळाच्या धुवणासारखं पांढरं पाणी वाहत असतं. पर्णिकाला चिप्स देऊन काचेच्या केबिनमध्ये बसवलं. फोरमन प्रकाश मिरजेकडचा, आमच्या गणपतीला दर वर्षी येणारा. तो मला बघून नेहमीसारखा "या वहिनी" म्हणाला नाही. मशीनवरच्या पोराला फक्त "यल्ला, बंद कर" म्हणाला आणि बाजूला सरकला.

सिद्धार्थने प्लास्टिक ओढलं.

तीच फरशी, नव्या पांढऱ्या दगडात. त्याच चुण्या, तेच जोडलेले हात. आणि चेहरा होता. पर्णिकाचा होता. डाव्या भुवईवरचा बाथरूममध्ये पडली तेव्हाचा व्रण होता. खालचा ओठ झोपेत किंचित आत जातो, तसा गेलेला होता.

"अगं, मूळ चेहरा झिजलेला ना," सिद्धार्थ उत्साहाने सांगत होता. "क्लायंट म्हणाला, तुटकंफुटकं नको, नवंकोरं दिसायला हवं. पर्णी मध्ये झोपली होती ना, सॉफ्टवेअरने तिच्याच चेहऱ्याने जागा भरून टाकली. मी काहीच केलं नाही, फक्त राहू दिलं. आपली पोरगी शेकडो वर्षं राहील बघ."

"ते थडगं आहे, सिद्धार्थ."

"तिकडचं थडगं आहे. इथे डिझाइन आहे."

"तिकडच्याच्या खाली निदान कुणीतरी आहे," मी म्हणाले. "याच्या खाली कोण आहे?"

मी त्याला नखांचं परत सांगितलं, वजनाचं, उंचीचं. सगळं शांतपणे सांगितलं, कारण आवाज चढला की तो ऐकत नाही. शेवटी म्हणाले, "फोड हा."

"सोमवारी डिलिव्हरी आहे."

"फोड."

सिद्धार्थने प्रकाशकडे पाहिलं. प्रकाश हात पुसत म्हणाला, "सर, दुसरा दगड रात्रीचा दिवस करून कापून देतो. पण हा फोडायला मला सांगू नका. मला पण पोरगी आहे."

"तुम्ही सगळेच वेडे आहात," सिद्धार्थ म्हणाला. त्याने भिंतीला टेकवलेला घण उचलला. "खलास. एक घाव आणि विषय संपला."

मी केबिनकडे पाहिलं म्हणून बरं. काचेमागे पर्णिका आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिच्या पुढ्यातल्या कपाटाच्या आरशात तिचं तोंड दिसत होतं. तिने डोळे गच्च मिटले होते, खांदे कानांपर्यंत वर घेतले होते. इंजेक्शन टोचायच्या आधी घेते तसे. तिला आम्ही दिसत नव्हतो. सिद्धार्थने अजून घण डोक्यावर नेलाही नव्हता.

"थांब," मी म्हणाले आणि त्याला आरसा दाखवला.

त्याने बघितलं. घण खाली ठेवला, म्हणजे त्याच्या हातातून तो जवळजवळ सुटलाच. नंतर बराच वेळ तो आपल्या तळव्यांकडेच बघत होता. इटलीहून आल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं की घाबरलेली मी एकटी नाही.

दगड फोडता येत नव्हता आणि तसाच राहू देता येत नव्हता. तसाच राहिला असता तर पर्णिका पाच वर्षांचीच राहिली असती, हे मला तिथे उभं राहून आमच्या पत्त्याइतकं स्वच्छ कळत होतं. त्या दगडाला एक चेहरा हवा होता. त्याला मिळाला होता, आणि तो सोडणार नव्हता.

"प्रकाशभाऊ," मी विचारलं, "याच्यावर दुसरा चेहरा कोरता येईल?"

"येईल की. जरा खाली उतरावं लागेल दगडात, बोटभर."

"मग हिचा जाईल?"

त्याने दगडावरून हात फिरवायला नेला आणि न लावताच मागे घेतला. "गेला असं नाही म्हणता यायचं, वहिनी. हिच्याखालून दुसरा निघेल."

"मग माझा घ्या."

"रुचा, काहीतरी बोलू नकोस," सिद्धार्थ म्हणाला. "वाटेल त्या पुतळ्याची फाइल टाकतो मी. इंटरनेटवर हजार मिळतील."

"पुतळा कसा चालेल? त्या दगडाला माणूस लागतोय." मी चपला काढल्या. "फोन काढ."

"मग माझा घेऊ."

"तू स्कॅन करणारा आहेस. आणि तुझी दाढी आहे." हे मी खरोखर म्हणाले. प्रकाश हसला, मग हसल्याबद्दल ओशाळला.

मी त्या दगडावर आडवी झाले. पाय बाहेर लाकडी पॅलेटवर आले, पण डोकं बसलं. माझ्या डोक्याखाली माझ्या मुलीचं नाक होतं. बाहेर उन्हाची भट्टी पेटली होती आणि दगड विहिरीतल्या पाण्यासारखा गार होता. सिद्धार्थ माझ्याभोवती फिरायला लागला. त्याला "हलू नकोस" म्हणायचं धैर्य झालं नाही, ते मीच स्वतःला म्हणाले. हळूहळू मशीनचे आवाज लांब गेले. मला भीती वाटायला हवी होती. पण पर्णिका झाल्यापासून मी इतकी निवांत कधी पडले नव्हते. कुणीतरी शेजारी सरकून मला जागा करून देतंय, असं वाटलं.

मला दंडाला धरून उठवायला कुणी आलं नाही. मी मीच उठले, आणि उठायला जड गेलं.

फाइल तिथल्या तिथे चढवली. मशीन चालू झालं तेव्हा मी केबिनमध्ये पर्णिकाला मांडीवर घेऊन बसले होते. पाण्याची धार त्या कपाळावर पडली तशी ती थरथरली. मग तिला घाम फुटला, कित्येक आठवड्यांनी. केस ओले झाले, गाल लाल झाले. मी तिला धरून ठेवलं होतं आणि ती सुटायला बघत होती, लाथा मारत होती. चिप्सचं पाकीट खाली सांडलं. "लेट मी गो, आई. आय ॲम बोअर्ड. व्हेन आर वी गोइंग होम?"

परत येताना ती वाटभर बाबाच्या सीटला मागून पाय मारत होती. सिद्धार्थ एरवी चिडतो. त्या दिवशी तो मारू दे म्हणाला.

फरशी सोमवारी दुबईला गेली. पर्णिका वाढायला लागली, डॉक्टरबाईंच्या तक्त्यातली रेघ वर चढली. दुपारी आता झोपतच नाही, घर डोक्यावर घेते.

रेस्टॉरंट उघडलं तेव्हा आम्हाला आमंत्रण होतं. मी गेले नाही. सिद्धार्थ एकटा जाऊन आला. मी विचारलं, कुठे बसवलीय? तो म्हणाला, "दारातच. आत जाताना." मी म्हटलं, वर एखादा गालिचा टाकायला सांग. त्याने विचारलंही. मालक म्हणाला, लोक तोच चेहरा बघायला येतात, झाकू कसा?

संध्याकाळी मी पोळ्या करत असते तेव्हा तिकडे गर्दी सुरू होत असावी. आधी कपाळावर काहीतरी येतं, हलकं, कुणी पीस ठेवावं तसं. मग गालावर. मग ओठांवर, आणि तेव्हा मला बोलता येत नाही. दुखत मुळीच नाही. पर्णिका काहीतरी विचारत असते आणि मी मान हलवून उत्तर देते.

हल्ली फोन माझा चेहरा ओळखत नाही, पासवर्ड मागतो. परवा एअरपोर्टवर आईला घ्यायला गेले होते. ती माझ्या समोरून ट्रॉली ढकलत गेली, पर्णिकाने हाक मारली तेव्हा थांबली. "किती उतरलीस गं," म्हणाली, आणि माझ्याकडे बघताना तिचे डोळे चेहऱ्यावर कुठे टेकवावेत ते तिला कळेना. सिद्धार्थ तर जेवताना माझ्याकडे बघतो आणि दिवा लावायला उठतो. दिवा लागलेलाच असतो.

त्या डोंगरावरच्या मुलीचा चेहरा जायला शेकडो वर्षं लागली असतील. तिथे माणसं कमी येतात आणि साध्या चपलांनी येतात. इथे, सिद्धार्थ सांगतो, आधी बुकिंग केल्याशिवाय टेबल मिळत नाही, आणि बायका उंच टाचा घालून येतात. मी हिशोब करत नाही. फक्त पर्णिकाला रोज एक ग्लास दूध जास्त देते. ती म्हणते, "एनफ, आई." मी म्हणते, पी लवकर, मोठी हो.