कडुबाच्या हातचं तेल

बोनेट उघडलं तसा बायांनी डोक्यावर पदर ओढला आणि पुरुषांनी चपला काढल्या. बिडकीनच्या स्टँडमागं, शनिवारी दिवेलागणीला, एका जुन्या डिझेल जीपभोवती दोनशेच्या वर माणसं उभी होती. इंजिन चालू होतं. अप्पाराव भगतानं रेडिएटरला हार घातला, मुठीतलं भस्म फुंकलं आणि डावा हात इंजिनाच्या काळोखात कोपरापर्यंत घातला.

"कडुबा, आलास का रं?"

इंजिन गुरगुरलं, मग मंदावलं. मंदावताना आतून आवाज आला. ठक, ठक, ठक. बंद दाराच्या पलीकडून कुणी बोटाच्या पेरानं वाजवावं तसा.

मी एक पाऊल मागं सरले. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय, इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, तरी सरले. आवाज खरा होता.

"पोरीला शहरात शिकाया धाडायची नाय म्हंतोस?" भगतानं विचारलं. वाजलं म्हणजे होय, गप्प राहिलं म्हणजे नाही.

ठक, ठक.

"वर्साच्या आत लगीन?"

ठक, ठक, ठक.

समोर बसलेल्या लक्ष्मीबाईंनी जमिनीवर डोकं टेकलं. त्या कडुबाच्या विधवा. शेजारी त्यांची मुलगी श्रेया, माझी विद्यार्थिनी, मान खाली घालून बसली होती. बारावीत तिला चांगले गुण मिळाले होते. नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत नऊ दिवसांनी, सोमवारी, संपणार होती. लग्नाचं स्थळ भगतानंच आणलं होतं, त्याच्या सख्ख्या भाच्याचं. पुढच्या शनिवारी, कडुबाच्या साक्षीनं, सुपारी फोडायची ठरली.

कडुबानं सोळा वर्षं ही जीप शहर ते बिडकीन चालवली. गेल्या दिवाळीत पैठण रस्त्यावर म्हसोबाच्या लिंबापाशी त्याच्या छातीत कळ आली. त्यानं जीप बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. अकरा प्रवाशांपैकी कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. तेव्हापासून त्याचा धाकटा भाऊ साहेबराव जीप चालवतो. होळीनंतर, नेमकी त्याच लिंबापाशी, इंजिनात ठकठक सुरू झाली.

शहरातून कॉलेजला मी याच जीपनं येते. सोमवारी पुढच्या सीटवर बसले. लिंब जवळ आला. सगळे ड्रायव्हर करतात तसं साहेबरावनं अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, हात जोडले. ठक, ठक, ठक. मागच्या सीटवरच्यांनीही हात जोडले.

"सकाळी पहिल्या फेरीला शहराकडं जाताना वाजत नाय," तो हळूच म्हणाला. "येताना वाजतंय. त्याला घरी यायचंय, मॅडम."

त्याचं ते वाक्य मी कॉलेजपर्यंत मनात घोळवत होते. वर्गात पोहोचल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यात आली. पहिल्या फेरीला जाताना जीप बिडकीनहून नुकतीच निघालेली असते. लिंब गावापासून पाच किलोमीटरवर, तिथवर इंजिन थंडच. येताना ते तापलेलं असतं. मग दुसऱ्या फेरीला जाताना काय होतं?

मंगळवारी मी त्या फेरीला जाऊन बसले. जाताना वाजलं. ते तर रोज वाजत असणार. कुणी मोजलंच नव्हतं.

"काका, आता जरा पाय उचला," लिंब बराच मागं पडल्यावर मी म्हणाले.

"इथं कशाला?"

"माझ्यासाठी."

त्यानं उचलला. डाव्या हाताला पेट्रोलपंप होता, म्हसोबा नव्हता, लिंब नव्हता. ठक, ठक, ठक. साहेबरावचा चेहरा उतरला. "आता हितं बी यायला लागला," तो म्हणाला.

बुधवारी मी निजामुद्दीनभाईंच्या गॅरेजात गेले. कडुबाची जीप सोळा वर्षं त्यांच्याच हाताखालची.

"दिवाळीनंतर गाडी आलीच नै," ते म्हणाले. "अब तो भगत मिस्तरी हो गया ना. पहिले मेरे पास ही पाने धुवायचा, दो साल. काम आलं नै, देव आला."

मी आवाजाचं वर्णन केलं. त्यांनी कोपऱ्यातला एक जुना, जड, वाकड्यातिकड्या कोपरांचा दांडा उचलून माझ्यासमोर ठेवला.

"क्रँकशाफ्ट. सायकल चालवता ना? मांडी वर-खाली, पण पायडल गोल. इंजिनात पिस्टन वर-खाली, हा गोल. मधे कनेक्टिंग रॉड, म्हंजे तुमची पोटरी. रॉड इथं क्रँकला धरतो." त्यांनी गुळगुळीत गोलाईवर बोट फिरवलं. "मधे पातळ बेअरिंग, आणि तेलाचा पापुद्रा. केसापेक्षा बारीक. तोच सगळं उचलून धरतो. तेल जळून गेलं की बेअरिंग झिजतं, फट पडते, रॉड हापटतो. पाय दाबून धरला तर जोर एका बाजूला, आवाज कमी. पाय उचला, जोर फिरला, की वाजला. इंजिन गार तोवर तेल घट्ट, म्हणून सकाळी गप्प."

म्हणजे साहेबराव हात जोडायला पाय उचलत होता, आणि पाय उचलल्यामुळं कडुबा वाजत होता.

"असंच चालवलं तर?"

"एक दिन रॉड ब्लॉक फाडून बाहेर. तेल सडकेवर, इंजिन जाम. मागं बाराजण बसलेले. तुम्ही बी."

शनिवारी गर्दी दुप्पट होती. बोनेटच्या आतल्या बाजूला भगतानं शेंदराचा जाड लेप दिला होता, त्यावर लिंबू टांगलं होतं. ताटात सुपारी होती. भगताचा हात आत जाणार तोच निजामुद्दीनभाई पान्यांची पिशवी घेऊन पुढं आले.

"भाभी, माझा दोस्त होता तो. मला बी एक विचारू द्या."

"आत्म्याला लोखंड चालत नाय," भगत म्हणाला.

"लोखंडातच बसलाय की तो," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

लक्ष्मीबाईंनी मान हलवून होकार दिला. मी म्हणाले, "महाराज, आधी तुम्हीच विचारा. फक्त हात बाहेर ठेवून."

"हात लावल्याबिगर नाडी कशी लागंल?"

"म्हसोबाच्या लिंबापाशी ते तुमच्या हाताशिवायच बोलतात."

माणसं बघत होती. भगतानं हात पाठीमागं बांधले, तीनदा हाक मारली. इंजिन एका लयीत धडधडत राहिलं. त्या लयीत कुणाचाच आवाज नव्हता.

"श्रेया, इकडं ये," मी म्हणाले.

निजामुद्दीनभाईंनी तिचं बोट आत एका लहानशा लोखंडी लीव्हरवर ठेवलं. डिझेलच्या पंपाची ती लीव्हर. अॅक्सिलरेटर दाबला की हीच ओढली जाते. लीव्हरच्या टोकाला भगताचं भस्म लागलेलं होतं, अंगठ्याच्या ठशासकट.

"ओढ आणि सोड. आणि काय विचारायचं ते विचार."

श्रेया बोनेटखाली वाकली. "आबा, मी नर्सिंगला जाऊ का?"

तिनं लीव्हर ओढली, सोडली. ठक, ठक, ठक.

गर्दी पुढं सरकली. मग एक म्हातारा म्हणाला, "आता तर व्हय म्हंतोय," आणि हशा पिकला.

निजामुद्दीनभाईंनी डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल केले, म्हणजे त्या-त्या सिलिंडरला डिझेल मिळू नये. मी लीव्हर ओढत-सोडत होते. पहिला सैल केला: ठक, ठक. तो आवळून दुसरा: ठक, ठक. तिसरा सैल केला तेव्हा इंजिन लंगडलं, थरथरलं, पण ठकठक जवळपास विरली. आवळला, परत आली.

"तीन नंबर," ते म्हणाले. "तिसऱ्या रॉडचं बेअरिंग."

भगतानं ताट उचललं. "ज्याची श्रद्धा नाय त्याच्यापुढं देव बोलत नाय," असं पुटपुटत तो गर्दीत शिरला. साहेबराव त्याच्या पाठीकडं बघत राहिला.

लक्ष्मीबाई हसल्या नव्हत्या. त्या मडगार्डला धरून उभ्या होत्या.

"मंग ते नव्हते?"

निजामुद्दीनभाईंनी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढून कापडावर टेकवली. डांबरासारखा काळा डाग पडला, आणि त्यात बारीक चकाकणारे कण.

"भाभी, तेल कधी बदललं?"

"नाय बदललं. भाऊजी वरून थोडं थोडं घालायचे. जुनं मी काढू दिलं नाय." त्या थांबल्या. "त्यांच्या हातचं तेल हाय ते. त्यांनी शेवटचं घातलेलं."

मी बोनेटखाली वाकले. शेंदराच्या कडेनं पांढऱ्या रंगाची एक रेघ दिसत होती. मी कापडानं लेप पुसायला लागले. खालून आकडे निघाले, ब्रशनं काढलेले, थोडे तिरके: "ऑइल बदल १,८६,०००. विसरू नये. कडुबा."

साहेबरावनं मीटर वाचलं. दोन लाख बारा हजार चारशे. तेल बदलायची वेळ सव्वीस हजार किलोमीटर मागंच गेली होती.

लक्ष्मीबाई त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "निजामभाई, उद्या गाडी खोला."

रविवारी तेलाचा नट लक्ष्मीबाईंनीच सोडला. काळी धार घमेल्यात पडत असताना त्या एकदाही मागं वळल्या नाहीत. तिसऱ्या रॉडचं बेअरिंग आतल्या तांब्याच्या थरापर्यंत झिजलं होतं, क्रँकच्या गोलाईवर नखाला लागतील असे चरे होते. क्रँक घासून गुळगुळीत करायला शहरात पाठवला आणि त्या मापाची नवी बेअरिंग मागवली. सोमवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, श्रेयानं अर्ज भरला.

बारा दिवसांनी जीप परत रस्त्यावर आली. लक्ष्मीबाई पुढं बसल्या, मी त्यांच्या मागं. लिंबापाशी साहेबरावनं पाय उचलला, हात जोडले. आम्ही सगळे ऐकत होतो. वारा होता, टायरांची सरसर होती. बाकी काही नाही. लक्ष्मीबाईंनीही हात जोडले.

आवाज ऐकू आला की त्याला नाव देण्याआधी एवढंच विचारा: तो केव्हा येतो, केव्हा येत नाही, आणि त्या वेळी आपला हात-पाय कुठं असतो. गेलेलं माणूस इंजिनातून बोलत नाही. बोलायचं ते त्यानं जिवंतपणी, वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवलेलं असतं; आपणच त्यावर शेंदूर फासतो.

बोनेटच्या आत आता कडुबाच्या ओळीखाली दुसरी ओळ आहे. अक्षर शाळकरी, पण पाच हजार किलोमीटर पुढचा आकडा बरोबर: "ऑइल बदल २,१७,४००. विसरू नये. लक्ष्मीबाई."