चिंचेच्या पाण्यातल्या बारा गोळ्या

शमशेर माझा शाळेपासूनचा मित्र. फौजेतून परतल्यापासून तो नेवाशातच आहे, आणि साठी उलटली तरी एका पतसंस्थेच्या रोकड गाडीवर रक्षक म्हणून जातो. रिव्हॉल्व्हर त्याचं स्वतःचं, परवान्याचं. मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावरही तो मला ग्रंथपाल म्हणूनच हाक मारतो, आणि त्यात थोडी थट्टा असते.

आमच्याकडे खंडेनवमीला पाटावर माझी दोन पेनं, माझ्या बायकोची, सत्यशीलेची विळी, शिलाई मशीनची कात्री असं सगळं मांडतात. बऱ्याच वर्षांपूर्वी ती शमशेरला म्हणाली, "भाऊजी, तुमचंही काही ठेवा की." रिव्हॉल्व्हर कामाशिवाय कुलपाबाहेर काढायचं नाही असा त्याचा नियम. म्हणून तो गोळ्यांचा चामडी पट्टा घेऊन आला. तेव्हापासून दर खंडेनवमीला पट्टा येतो, शमशेर पाटाशेजारी खुर्ची टाकून बसतो आणि पुरणपोळी खाऊन पट्ट्यासकट घरी जातो. सत्यशीला हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली की एवढंच म्हणतो, "यांना काही लावू नका, वहिनी. फूल बास." आम्ही दोघांनी कधी कारण विचारलं नाही. त्यांच्यात चालत नसेल, असं आम्ही आपसांत ठरवून टाकलं होतं. विचारून त्याला अवघडवायचं कशाला?

यंदा तो रात्रपाळी करून आला होता. बसल्या बसल्या झोपला. मी पाटावरची फुलं सारखी करत होतो, तेव्हा पट्ट्यातल्या गोळ्यांकडे लक्ष गेलं. चामड्याला टेकलेल्या जागी पितळेवर हिरवट थर चढला होता. मागच्या दारी सत्यशीलेनं ताम्हण, घंटा आणि निरांजन चिंचेच्या पाण्यात घालून ठेवलं होतं. तिथल्या तिथे पितळ सोन्यासारखं उजळत होतं.

शमशेरनं माझ्यासाठी हातानं किती कामं केली आहेत त्याची यादी मोठी आहे. वाचनालयाची कपाटं त्यानं उचलली, घराचे पत्रे त्यानं बसवले, माझ्या आजारपणात दवाखान्यातला डबा त्यानं पोचवला. माझ्या हातून त्याच्यासाठी काय झालं, तर पुस्तकं. ती तो वाचत नाही. म्हणून मी बाराही गोळ्या काढल्या आणि चिंचेच्या पाण्यात सोडल्या. अर्ध्या तासानं धुतल्या, पंच्यानं पुसल्या, थोडा वेळ अंगणाच्या कट्ट्यावर उन्हात ठेवल्या आणि पट्ट्यात परत लावल्या. फार दिवसांनी मला माझ्या हातांचं कौतुक वाटलं.

शमशेर जागा झाला आणि पट्टा हातात घेऊन बघत राहिला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "पाण्यात तर न्हाई ना घातल्यास?"

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे. मी म्हणालो, "नाही, फडक्यानं पुसल्या."

"लई भारी पुसल्या," तो म्हणाला आणि खूश होऊन घरी गेला.

संध्याकाळी मी माझ्या कपाटातलं शिकारीवरचं एक जुनं पुस्तक काढलं. खरं तर आधी काढायला हवं होतं. भरलेली काडतुसं कधीही ओल्या पदार्थानं साफ करू नयेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्या कडेनं ओल आत शिरते, दारू निकामी होते. आंबटानं पितळही कमजोर होतं. वरून काही कळत नाही. गोळी चकचकीत दिसते आणि वेळेला उडत नाही. शेवटची ओळ मी चारदा वाचली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी शेवगावकडे जाणार होती. त्या रस्त्यावर काही झालं आणि त्यानं माझ्या चकचकीत गोळ्यांवर भरवसा ठेवला तर? हे इतकं साधं होतं की मला चुकवताच येईना. तरी दसऱ्याचा अख्खा दिवस मी घालवला. दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, सरवरी वहिनींनी चहा ठेवला. पानं दिली, गळाभेट झाली, आणि त्याचा हात सोडायच्या आत मी सांगून टाकलं.

शमशेर खाली बसला. किती वेळ पाण्यात होत्या, मीठ घातलं होतं का, ऊन किती होतं, असं एकेक विचारत गेला. मी खरं तेच सांगत गेलो.

मग तो म्हणाला, "मी दरवर्षी काही लावू नका म्हणतो, ते कशापायी?"

"मला वाटलं, तुमच्यात चालत नसेल."

आधी वहिनी हसल्या, मग तो असा हसला की डोळे पुसायला लागला. "अरे ग्रंथपाल, गोळीला कसला आलाय धर्म? तिला ओल चालत न्हाई एवढंच. पंधरा वरसं वहिनींची हळद परत पाठवली मी, आन् तू मला पाण्यात बुडवलंस."

"रागावलास?"

"काल खोटं बोललास त्याला रागावलोय. आज आलास, बास."

त्यानं बाराही गोळ्या एका डब्यात भरल्या आणि वर चिठ्ठी लावली: वापरू नये. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना फोन करून, उद्या गाडीवर दुसरा माणूस द्या म्हणाला. पलीकडून बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं. शमशेरनं शांतपणे सांगितलं, "माझ्याच हातून भिजल्या साहेब." मी मध्ये बोलायला गेलो, तर त्यानं तळहात दाखवून थांबवलं.

आठवडाभर तो घरी बसला. भिजलेल्या गोळ्या ठाण्यात विचारून रीतसर जमा केल्या, आणि नव्या आणायला नगरला गेलो तेव्हा एसटीत त्यानं मला खिडकीची जागा दिली.

परवा तो नव्या गोळ्या प्लास्टिकच्या डबीत घालून आमच्याकडे आला. चामड्यानंच हिरवट थर चढतो, म्हणून पट्टा फक्त कामापुरता. रिव्हॉल्व्हर अर्थात त्याच्या घरी, कुलपात. सत्यशीलेनं माझं जुनं मऊ धोतर फाडून दोन फडकी दिली. कसं पुसायचं हे त्यानं मला दाखवलं: फडकं कोरडं, तेल नाही, पाणी नाही, तारेचा ब्रश नाही. एका वेळी एकच गोळी हातात. टोपीकडचं बूड दाबायचं नाही. चीर, पोचा किंवा सैल झालेलं टोक दिसलं तर बाजूला ठेवून त्याला दाखवायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. शेवटी साबणानं हात धुवायचे.

"मी पुसू?" मी विचारलं.

"मग फडकं कुणासाठी फाडलंय?"

पहिल्या दोन पुसताना तो माझ्या बोटांकडे टक लावून होता. तिसरीला त्यानं चहा मागितला. पाचवी उजेडात धरून बुडाशी चीर आहे का हे त्याला विचारायला वळलो, तर तो खुर्चीत मान टाकून झोपला होता. चीर नव्हती, सावली होती. मी ती डबीत ठेवली आणि सहावी उचलली.