चोरून न्यायची फांदी

अनुसयाबाईच्या तोंडी लागू नये, हे डोंगरकडा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण नऊ वर्षांमागं त्या तोंडातून निघालेलं एक वाक्य तिचं तिलाच गिळता येत नव्हतं.

तिच्या अंगणातली जास्वंद मोठी नामी. लालभडक, दाट पाकळ्यांची, पुरुषभर उंच. भिंतीपलीकडं धाकटी जाऊ, द्वारकाबाई. देवाला रोज फूल व्हावं म्हणून ती एकदा फांदी मागायला आली. अंगणात चार बाया शेंगा फोडत बसलेल्या.

अनुसयाबाई म्हणाली, "मागून नेलेली लागत न्हाई बाई. चोरून ने."

बोलणं तसं सरळच. दिलेली फांदी वाळते अन् चोरलेली जीव धरते, असं आपल्याकडं म्हणतातच. मालकिणीनं पाठ फिरवायची, मागणारीनं मोडून न्यायची, असा तो रिवाज. पण त्याच आठवड्यात अनुसयाबाईचा पितळी तांब्या हरवला होता, अन् "नेला आसंल घरच्याच कुणी" असं ती गावभर बोलून बसली होती.

एक बाई फिसकन हसली, "घ्या, आता तर परवानगीच मिळाली की!"

द्वारकाबाईचा चेहरा पडला. आल्या पावली ती परत गेली.

पंधरा दिवसांनी तांब्या कडब्याच्या गंजीत सापडला. अनुसयाबाईनं तो चिंचेनं घासला, ओसरीतल्या फळीवर ठेवला अन् चकार शब्द काढला नाही. मनात म्हणाली, मी काहून जाऊ? तिला रिवाज ठावा न्हाई का?

तेव्हापासून भिंतीपलीकडं गळालेली फुलं द्वारकाबाई रोज सकाळी वेचायची अन् भिंतीवर ओळीनं ठेवून द्यायची. पडलेलं फूलसुद्धा तिनं घरात नेलं नाही.

गेल्या महिन्यात सून मोहिनी धावत आली. "आत्याबाई, काकी गोरेगावला चालल्या, लेकीकडं, पुजाकडं. एकटीनं व्हत न्हाई म्हणं आता. जीप येऊन थांबलीय."

अनुसयाबाईनं विळा उचलला, एक जून फांदी कापली अन् भिंतीला वळसा घालून गेली. दाराला कुलूप लागलेलं. द्वारकाबाई जीपजवळ उभी, पाठीत वाकलेली.

"द्वारके, ही घे. तवा मी रिवाजाचं बोलले व्हते गं. तुला चोर न्हाई म्हणलं."

"ते मला त्याच दिशी समजलं व्हतं, बाई."

"मग नऊ वर्सं तोंड काहून फिरवलं?"

"तांब्या सापडला तवा तरी याल, असं वाटलं व्हतं. रोज दिसायचा की फळीवर, भिंतीवरून."

अनुसयाबाईनं फांदी नुसती पुढं केली.

"फांदी राहू द्या. पुजाकडं खाली फरशी, वर पत्रा. लावू कुठं?" द्वारकाबाईनं एक कळी तेवढी खुडली, पदराच्या गाठीत बांधली अन् जीपमध्ये चढली.

त्या दुपारी अनुसयाबाईनं जावेच्या मोकळ्या अंगणात, भिंतीलगत ती फांदी रोवली. त्याच तांब्यानं पाणी घातलं. मग रोज घालू लागली. आठव्या दिवशी पानं गळाली.

"आत्याबाई, वाळली की वो ती," मोहिनी भिंतीवरून म्हणाली. "काहून पाणी घालून राहिल्या?"

"दिलेली हाय ना," म्हातारी म्हणाली, अन् तांब्यातलं उरलेलं पाणी काडीच्या बुडाशी ओतलं.